रेल्वेत ‘थेट भरती’? आधी 35 किलोची गोणी उचला

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला नऊ जणांनी पाठवलाय. दौंडच्या मामांनी तर वर लिहिलं, “तू रेल्वेतच आहेस, आपल्या पिंट्याचं बघ.” मेसेज असा: “पुणे स्टेशनवर थेट भरती! शिक्षण फक्त दहावी. परीक्षा नाही. पगार 45,000. पोस्टिंग पुण्यातच. सुरुवातीला ठेकेदाराकडे, दोन वर्षांत पर्मनंट. फाइल चार्ज 15,000. जागा थोड्याच.”

मी 2018 च्या भरतीतून आत आलो. कागदावर ट्रॅक मेंटेनर, लोकांच्या तोंडी गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा. नऊ जणांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो.

“शिक्षण फक्त दहावी.” हे खरं आहे, आणि मेसेजमधलं बाकीचं सगळं याच एका खऱ्या वाक्याच्या आधारावर खपतं. पूर्वीचा ग्रुप डी म्हणजे आताचा लेव्हल 1, रेल्वेतली सगळ्यात खालची पायरी. त्याला दहावी पास किंवा आयटीआय पुरतं. 32,438 जागांची भरती निघाली तेव्हा तांत्रिक खात्यांना दहावी आणि आयटीआय दोन्ही लागणार की काय म्हणून पोरं हवालदिल झाली होती. जानेवारी 2025 मध्ये रेल्वे बोर्डाने ते सैल केलं. त्यामुळे डिग्री नाही म्हणून कुणी खट्टू होऊ नये. आमच्या गँगमध्ये एमए झालेलाही आहे आणि नुसता दहावीवालाही, दोघांच्या हातात खडी ठोकायचं बीटर एकच.

“परीक्षा नाही.” इथून थापा सुरू. परीक्षा आहे आणि ती संगणकावर होते: 90 मिनिटं, 100 प्रश्न. विज्ञान 25, गणित 25, बुद्धिमत्ता 30, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी 20. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. पेपर मराठीत घेता येतो. अर्ज भरतानाच भाषा निवडायची असते, आणि आपली किती पोरं घाईत तिथे हिंदीवर टिक करून मोकळी होतात! नसते ती मुलाखत. ती बंद झाल्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे “साहेबांना भेटवतो” म्हणणारा कुठल्या साहेबाला भेटवणार ते त्यालाच ठाऊक.

माझ्या वेळी 62,907 जागांना पावणेदोन कोटींहून जास्त अर्ज आले होते. एका जागेमागे जवळपास तीनशे. वेळही लागतो. 2019 ची जाहिरात मार्चमध्ये आली आणि पेपर सुरू झाले ऑगस्ट 2022 मध्ये. “तीन महिन्यांत जॉइनिंग” सांगणाऱ्याला ही दोन सालं ऐकवा.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट म्हणजे शरीर. पेपर पास झाला की शारीरिक चाचणी असते. पुरुषांनी 35 किलो वजन घेऊन 100 मीटर, दोन मिनिटांत, मध्ये खाली न ठेवता. मग 1000 मीटर सव्वाचार मिनिटांत. बायकांना 20 किलो, आणि 1000 मीटरला 5 मिनिटं 40 सेकंद. दोन्हींना संधी एकच. मी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर वाळूची गोणी खांद्यावर घेऊन चालायचो तेव्हा सकाळी फिरायला येणारे आजोबा विचारायचे, “घराचं काम काढलंय का रे?” वजनापेक्षा धावणं जड जातं, असा माझा अनुभव. चारशे मीटरनंतर पोटरी बोलायला लागते.

त्यानंतर मेडिकल. पॉइंट्समनला, म्हणजे गाडीसाठी सांधे बदलणाऱ्याला, चष्म्याशिवाय स्पष्ट दिसायला हवं, रंग ओळखता यायला हवेत. मला चष्मा आहे, म्हणून ती वाट बंद झाली. ट्रॅक मेंटेनरला ठरावीक नंबरपर्यंत चष्मा चालतो. पिंट्याने अर्ज भरायच्या आधी डोळे तपासून घ्यावेत, हे मी मामांना दोनदा सांगितलंय.

“पगार 45,000.” मूळ वेतन 18,000. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. बेरीज बरी होते, पण पहिल्या महिन्याला 45,000 नाही होत. आणि काम म्हणजे झेंडा दाखवत उभं राहणं नव्हे. जूनपासून शिंदवणे घाटात रात्री गस्त असते. पाऊस, हातात बॅटरी, पिशवीत धोक्याच्या वेळी रुळावर ठेवायचे फटाके, आणि पायाखाली खडी. पहिल्या पावसाळ्यात दोनदा वाटलं होतं, राजीनामा द्यावा.

“पोस्टिंग पुण्यातच.” अर्ज झोनसाठी असतो. मध्य रेल्वेत मुंबई, भुसावळ, नागपूर, सोलापूर, पुणे हे सगळे विभाग आले. माझ्या बरोबरचा कोथरूडचा पोरगा भुसावळला आहे, उन्हाळ्यात फोन करून शिव्या घालतो.

“ठेकेदाराकडून पर्मनंट.” गाडीतली सफाई, चादरी, स्टेशनची झाडलोट ही कामं ठेक्यावर आहेत. प्रामाणिक काम आहे, गरज असेल तर जरूर करावं, पण तिथला माणूस ठेकेदाराचा, रेल्वेचा नव्हे. हा समज कुठून आला असेल? 2008 मध्ये लालूप्रसाद यादव मंत्री असताना परवानाधारक हमालांना गँगमन म्हणून घेतलं होतं. ती आठवण अजून फिरतेय, बहुतेक. बापाने लवकर निवृत्ती घेऊन पोराला लावायची योजनाही होती, तीसुद्धा 2017 पासून गुंडाळली.

आयटीआय झालेल्यांसाठी एक सरळ वाट आहे, ती मात्र या मेसेजमध्ये नाही. अप्रेंटिस. गुणांवर निवड होते, लेखी नाही, एक वर्ष विद्यावेतन मिळतं. नोकरीची हमी नसते, पण रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना लेव्हल 1 मध्ये 20 टक्के जागा राखीव असतात. पेपर त्यांनाही द्यावाच लागतो.

राहिला “फाइल चार्ज”. 2022 मध्ये तामिळनाडूच्या 28 जणांना नवी दिल्ली स्टेशनवर महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला बसवलं होतं. सांगितलं काय, तर हेच ट्रेनिंग. एकूण 2 कोटी 67 लाख रुपये गेले. असलं ट्रेनिंग रेल्वेत नसतंच.

खरी फी 500 रुपये. पेपरला बसलं की त्यातले 400 बँकेचा खर्च वजा करून परत येतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरेंना 250, आणि तेही बँकेचा खर्च वजा करून परत. माझे आले होते.

मामांना फोन केला. म्हणाले, शेजारच्याने 15,000 दिलेसुद्धा, पावती म्हणून गणवेशातल्या कुणाचा तरी फोटो मिळालाय. पिंट्याने अजून दिले नाहीत. त्याला रविवारी सकाळी सहाला तळजाईवर बोलावलंय. वाळूची गोणी माझ्याकडे अजून आहे.