पावती मांगतली का झालं!

मले एक सांगा बाप्पा, रोजगार हमीचं काम मांगतल्यावर १५ दिवसांत नाई भेटलं त बेकारी भत्ता, पयले ३० दिवस मजुरीचा निदान पाव हिस्सा अन् मंग निदान अर्धा, असं कायद्यात लिहून, पण त्याच्यासाठी अर्जाची तारीख टाकलेली पावती लागते अन् ते पावतीच ग्रामपंचायतीत कोणी देत नाई! "राहू दे ना भाऊ, नोंद करून घेतो" म्हणते. चौथ्यांदा गेलो त सर्व्हर डाऊन. सोयाबीन निंघालं, कापूस वेचायले बायाच पाहिजे, आमी बसा पारावर. काल मीच अर्जाच्या झेरॉक्सवर तारीख टाकून नेली, फक्त शिक्का मारा म्हटलं, त पॅडची शाई सुकली म्हणे. शाई! पुढच्या खेपेले पॅडबी घरूनच नेतो.