जंतू राहू देत, आधी नावीन्य आणा

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवर संशोधन करावं, त्यासाठी सरकारी अनुदान मागावं, असं ज्यांच्या मनात येत असेल त्यांनी आधी ग्लासभर थंड पाणी प्यावं. तेवढ्यानं उतरलं नाही तर पुढे वाचावं. सल्ला फुकट आहे. परवाच माझा प्रस्ताव नामंजूर झाल्याची मेल आली, त्यामुळे सध्या माझ्याकडे वेळच वेळ आहे. कारण मोजून एका ओळीचं: नावीन्याचा अभाव.

तर, पहिला परिच्छेद. 2019 साली जगात प्रतिरोधक जीवाणूंनी थेट 12.7 लाख माणसं मारली आणि 2050 पर्यंत हा आकडा वर्षाला 1 कोटीवर जाईल, ही दोन वाक्यं आलीच पाहिजेत. पहिला आकडा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला, दुसरा ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ जिम ओनील यांच्या अहवालातला अंदाज. दोन्ही परीक्षकांना पाठ आहेत, म्हणून तर ते वाचताना त्यांना बरं वाटतं. सत्यनारायणाच्या पूजेत आधी गणपती मांडतात तसे हे आकडे मांडायचे आणि मग आपल्या कथेला लागायचं. मुंबईत गोवंडीच्या किंवा मालवणीच्या गल्लीतल्या दवाखान्यात काय चाललंय, तो आकडा मात्र शोधत बसू नका. तो हाताशी नाही म्हणूनच तुम्ही पैसे मागताय, हे त्यांच्या लक्षात आणून देणं शिष्टाचाराला धरून नाही.

शीर्षकात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ घाला. कुठेही बसते.

‘प्राथमिक निष्कर्ष जोडा’ असा एक रकाना असतो. म्हणजे ज्या कामासाठी पैसे हवेत ते काम निम्मं तरी पदरमोड करून आधीच उरकलेलं असावं. पूर्ण उरकलेलं असेल तर अतिउत्तम, फक्त तसं लिहू नका.

को-पीआय, म्हणजे सहप्रमुख संशोधक म्हणून एखादं वजनदार नाव घ्या. प्रस्ताव त्यांना दाखवलाच पाहिजे असं काही नाही.

हमीपत्राचा नमुना अजून शंभराच्या मुद्रांकावरच अडलेला असतो. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो, हे दिल्लीच्या फॉर्मला कोणी कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका. पाचशेचा लावा आणि ‘शंभरचा का नाही’ या पत्राची वाट बघा.

आता बजेट. इथे मनःशांती लागते. प्रत्येक वस्तूसाठी तीन कोटेशन आणा. ती वस्तू भारतात एकच कंपनी विकत असली तरी तीन आणा. मग एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त. मी कोलिस्टिन या अँटिबायोटिकच्या चाचणीसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्युशनच्या, म्हणजे द्रवात औषधाची मात्रा पायरीपायरीनं कमी करत बघायच्या प्लेटा मागितल्या होत्या. हिशोबाच्या टेबलावरून शेरा आला, ‘डिस्क स्वस्त पडते, प्लेटची आवश्यकता स्पष्ट करावी.’ केली स्पष्ट. डिस्क म्हणजे औषध लावलेली कागदाची चकती, ती जंतूंच्या थरावर ठेवायची आणि भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजायचं. कोलिस्टिनचा रेणू बोजड, आगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत नीट पसरत नाही, त्यामुळे डिस्कभोवतीचं वर्तुळ फसवं येतं, जगभर ही चाचणी डिस्कवर करत नाहीत. शेरा परत आला, ‘तथापि डिस्क स्वस्त आहे.’ अहो, क्लेब्सिएला हा जंतू मेरोपेनेमसारख्या तगड्या अँटिबायोटिकला ऐकेनासा झाला की आयसीयूत शेवटच्या दोन-चार औषधांत कोलिस्टिन उरतं! ते चालेल की नाही हे चुकीच्या पद्धतीनं बघायचं, कारण पद्धत स्वस्त आहे? 2019 मध्ये याच औषधाचा कोंबड्या-जनावरांमधला वापर केंद्र सरकारनं बंद केला, तो ते माणसासाठी शिल्लक राहावं म्हणूनच ना? बरं, बाकीच्या औषधांच्या डिस्क एल-वनवाल्यानं पाठवल्या त्या कशा, तर मे महिन्यात, साध्या खोक्यात, बर्फ नाही काही नाही. खोकं गेटवर सिक्युरिटीच्या टेबलाखाली दुपारभर पडून. थंडीत ठेवायची वस्तू ती. कंट्रोल स्ट्रेन, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा जंतू, लावून बघितला तर वर्तुळं भलतीच, म्हणजे सगळा माल कचऱ्यात. बदलून मागितला तर उत्तर मिळालं, ‘माल स्वीकारल्याची सही आहे.’ सही सिक्युरिटीवाल्याची. तो बिचारा काय करणार, त्याला कोणी सांगितलंय यात काय आहे? आणि वर्षअखेरीला ऑडिटची चौकशी: डिस्कवर खर्च झाला, मग नमुने कमी का?

असो. मनःशांती म्हणत होते मी.

पैसे फेब्रुवारीत येतात आणि 31 मार्चला मावळतात. मधल्या काळात खर्च करा, यूसी, म्हणजे पैसे वापरल्याचा दाखला, भरा, आणि पीएफएमएस या सरकारी पैशांच्या पोर्टलवर ओटीपी यायची वाट बघा. ओटीपी निवृत्त झालेल्या अधीक्षकांच्या मोबाइलवर जातो.

प्रकल्पातल्या तंत्रज्ञाला पगार वेळेवर मिळेल, असं मुलाखतीत सांगू नका. खोटं बोलल्याचं पाप लागतं. काम शिकवलंत की ती खाजगी लॅबमध्ये जाईल. तिला शुभेच्छा द्या, मनापासून द्या.

प्रेरणा कमी पडली तर जंतुशास्त्रज्ञ हाफकिनना आठवा. 1896 च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या मुंबईत हा माणूस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. 10 जानेवारी 1897 ला प्लेगची लस तयार होती आणि त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आज परळला त्यांच्या नावाची संस्था उभी आहे. आज त्यांनी अर्ज केला असता तर जानेवारीपर्यंत ‘शिपायांची पदसंख्या तीन का, दोनमध्ये भागेल का’ एवढीच चर्चा झाली असती. स्वतःला टोचून घेतल्याबद्दल एथिक्स कमिटीची नोटीस वेगळी.

वेळेचं म्हणाल तर धीर धरा. ई-कोलाय या जंतूला मनासारखं अन्न मिळालं की वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. समितीला मनासारखी तारीख मिळायला सहा महिने लागतात.

आणि अखेरचा, सगळ्यात मोलाचा सल्ला: मोजायचं काम कधीही मागू नका. मी तेच मागितलं होतं. पूर्व उपनगरातल्या साध्या दवाखान्यांत लघवीला जळजळ होते म्हणून येणाऱ्या बायकांचे नमुने घ्यायचे, कल्चर लावायचं, म्हणजे त्यातले जंतू वाढवायचे, आणि कोणती गोळी अजून लागू पडते ते बघायचं. बस्स. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, प्रतिरोधावरच्या देखरेखीचं जाळं 2013 पासून आहे, चांगलं काम करतं, पण त्यातले आकडे मुख्यतः मोठ्या रुग्णालयांचे. तिथे पोचणारा पेशंट आधीच दोन-तीन दवाखाने आणि तितक्याच अँटिबायोटिक पचवून आलेला असतो. गल्लीतल्या डॉक्टरनं ते आकडे बघून काय लिहायचं? तो अंदाजानं लिहितो. तो लिहीत नाही तेव्हा मेडिकलवाला देतो. सेफिक्झाइम हे अँटिबायोटिक 2014 पासून एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत नोंदवायचं, वही तीन वर्षं जपायची. तुमच्या नाक्यावर ती वही कोणी बघितली आहे?

यात नावीन्य नाही, मान्य. मोजण्यात काय नावीन्य असणार? जनगणनेत असतं का? पावसाच्या नोंदीत असतं? कुलाब्याची वेधशाळा रोज तेच तर मोजते, म्हणून तर जुलैत काय होणार ते सांगता येतं. प्रतिरोधाविरुद्धच्या 2017 च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात देखरेख आणि पुरावा हा दुसऱ्या क्रमांकाचा अग्रक्रम आहे. तो तुम्हीच छापलात, तुम्हीच त्यावर परिषदा घेतल्यात, पंचतारांकित हॉटेलात जेवणासह घेतल्यात. आणि कोणी खरंच मोजायला निघालं की विचारता, यात नवं काय?

उपरोध पुरे झाला. परीक्षक महोदय, तुम्ही प्रस्ताव वाचला नाहीत. वाचला असतात तर नमुनासंख्येवर बोलला असतात, दवाखाने कसे निवडले ते विचारलं असतं, माझ्या पद्धतीतलं एखादं भोक दाखवलं असतं. ते मी ऐकून घेतलं असतं, दुरुस्त केलं असतं. ही एक ओळ मात्र कोणत्याही प्रस्तावाला चिकटते आणि तुम्ही ती चिकटवत सुटला आहात. पुढच्या वेळीही नाकारा, खुशाल नाकारा, पण कारण लिहा. आणि वाचायला वेळ नसेल तर समितीतून नाव काढून घ्या. आमच्या विभागात एमडीची पोरं आहेत, रात्रपाळी करून वर प्रस्तावही वाचतील, तेही टीए-डीए न घेता.