छत्रीने जिंकलेला डाव

ज्या गृहस्थांना छत्रीच्या टोकाने पांढरा बॉल वीतभरही सरळ ढकलता येत नव्हता, त्यांच्याकडून मी गेल्या रविवारी पूलचा, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने कडेच्या भोकांत घालायच्या खेळाचा, डाव हरलो आणि टेबलाचे भाडे, चार चहा व दोन वडापाव एवढा भुर्दंड सोसून घरी आलो. रक्कम किरकोळ आहे, असे घरातली मंडळी मला समजावीत आहेत. ती किरकोळ आहे हे मलाही दिसते. किरकोळ रकमेसाठी एखाद्या वयोवृद्ध माणसाने एवढे कष्ट उपसावेत, याचाच मला संताप येतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पाऊस कोसळत होता, सौभाग्यवती ठाण्याच्या गोखले रोडवर खरेदीत गुंतल्या होत्या आणि भाचा चिन्मय मला नौपाड्यातल्या एका तळघरातल्या पूल पार्लरमध्ये घेऊन गेला. खेळ जरा रंगात येतो न येतो तोच त्याला फोन आला. तळघरात रेंज नसल्यामुळे तो जिना चढून वर गेला आणि वरच राहिला. टेबलाचे भाडे ताशी २४० रुपये, म्हणजे मिनिटाला चार रुपये होते. हा दर वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावा.

भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, पायात चामडी सँडल, शेजारच्या कापडी पिशवीतून डोकावणारी शेपूची जुडी आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरलेली लांब दांड्याची काळी छत्री, असा त्यांचा थाट होता. बॉल लावणाऱ्या आणि वेळ लिहिणाऱ्या मार्करने न मागता त्यांच्या हातात चहा दिला. या चहाकडे मी पुन्हा येणार आहे.

“साहेब कॅरमचे दिसता,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“फटका मारताना तुमची तर्जनी उडते. क्यूची काठी हातात असली तरी बोट स्ट्रायकर शोधतं.”

ही स्तुती होती की टवाळी, ते मला ठरवता आले नाही. तरीही चाळीच्या स्पर्धेत मी उपविजेता होतो, ही माहिती मी आपणहून पुरवली.

“मग झालंच तर! मला नाना म्हणतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मनगटात संधिवात आहे, पण तुमच्यासारखा खेळणारा दिसला की राहवत नाही. भाचेसाहेब येईपर्यंत एक डाव होऊन जाऊ दे.”

मी त्यांच्यापुढे क्यू धरला. मी एखादा उष्टा चमचा पुढे केल्यासारखा त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला.

“क्यूला मी हात लावत नाही. १९७४ पासून शपथ आहे. क्यूने खेळलो की समोरच्यावर अन्याय होतो. मी छत्रीने खेळतो.”

“छत्रीने?”

“टोकाला खडू लावायचा की झालं. हरेल त्याने टेबलाचं भाडं आणि चहापाणी द्यायचं. पैसे लावायचे नाहीत हं, जुगार मला मान्य नाही. १८८७ चा कायदा आहे. कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे म्हणा, पण आपण कशाला त्या भानगडीत पडा?”

मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा खरोखरच १८८७ चा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातून खरोखरच वगळलेले आहे, हे मी घरी येऊन पाहिले. नानांच्या दिवसभरातल्या बोलण्यात तेवढेच एक विधान खरे निघाले.

आता कोणी म्हणेल की हा सापळा ओळखायला हवा होता. मी तो ओळखला होता. टायटॅनिक थॉम्प्सन या नावाने वावरणारा एक अमेरिकन पैजबाज विसाव्या शतकात होऊन गेला. तो गोल्फमध्ये उजव्या हाताने समोरच्याला हरवी आणि मग मोठ्या उदारपणे म्हणे, की चला, आता दुप्पट पैशांवर मी डाव्या हाताने खेळतो; समोरचा आनंदाने तयार होई आणि थॉम्प्सन मुळात डावखुरा असे. रस्त्यावरच्या पाटीवर गावाचे अंतर चुकीचे लिहिले आहे, अशी पैज लावण्याआधी त्याने ती पाटीच उपटून दुसरीकडे रोवून ठेवली होती, अशीही त्याची आख्यायिका आहे. हे सगळे वाचलेले असल्यामुळेच मी नानांना आधी सरावाचे फटके मारायला लावले. पहिल्या फटक्याला छत्री उघडली. दुसऱ्या फटक्याला पांढरा बॉल टेबलावरून उडाला आणि शेपूच्या पिशवीत जाऊन पडला. यात नाटक नव्हते, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. थॉम्प्सनला निदान डाव्या हाताने खेळता तरी येत होते. नानांना कशानेच खेळता येत नव्हते, आणि अशा माणसाशी खेळायला तयार होण्यात कोणता धोका होता, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

डाव सुरू झाला. प्रत्येक फटक्याआधी नाना छत्रीच्या टोकाला खडू लावीत आणि खडू लावता लावता एक आठवण सांगत. आठवण संपल्याशिवाय खडू संपत नसे.

“भायखळ्याला एका इराण्याच्या माडीवर टेबल होतं,” ते सांगू लागले. “तिथे एक बावाजी यायचा. सलग तीन रात्री आम्ही खेळलो. पहिल्या रात्री त्याचं घड्याळ जिंकलं, दुसऱ्या रात्री कोट, तिसऱ्या रात्री मोटार.”

“पण जुगार तुम्हाला मान्य नाही ना?”

“तेव्हापासूनच मान्य नाही. ऐका तर. मोटार जिंकली, पण मला चालवता कुठे येत होती? बावाजीच मला ठाण्याला सोडायला निघाला. मुलुंडच्या नाक्यावर जकातवाल्याने विचारलं, मोटार कोणाची? मी म्हटलं, माझी. तो म्हणाला, मग जकात तुम्ही भरा. खिशात दमडी नव्हती. शेवटी बावाजीने भरली आणि त्या बदल्यात मोटार परत घेतली.”

“घड्याळ?”

“बंद होतं.”

“आणि कोट?”

“कोटाच्या खिशात त्याच्या धोब्याचं बिल निघालं. धोबी माझ्या दारात. ते मी भरलं.”

एवढे बोलून नानांनी फटका मारला आणि तो कुठल्याही बॉलला लागला नाही. अकरा मिनिटे झाली होती. म्हणजे चव्वेचाळीस रुपये. त्यानंतर वीज गेल्यावर अंधारात केवळ बॉलच्या आवाजावरून जिंकलेला डाव अठ्ठावीस रुपयांना पडला, आणि बॅलार्ड पिअरला उतरलेल्या एका ग्रीक खलाशाने हरल्यावर नानांना आपली धाकटी बहीण देऊ केल्याची हकिगत, बहिणीच्या वर्णनासह, बावन्न रुपयांना पडली. अर्धवट सोडून निघून जावे, तर निघून जाणारा हरला असे धरण्याचा प्रघात आहे. म्हणून मी क्यू हातात घेऊन उभा राहिलो आणि भिंतीवरचे घड्याळ माझ्या खिशातून चालत राहिले.

ही बिलंदरांची जात जुनी आहे. रुडॉल्फ वॉन्डरोन नावाचा एक गलेलठ्ठ गृहस्थ १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला आणि गावोगावी पैजा लावून पूल खेळत न्यूयॉर्क फॅट्स या नावाने फिरला. १९६१ साली पूलच्या पैजांच्या दुनियेवर एक हॉलिवूडपट गाजला आणि त्यातले मिनेसोटा फॅट्स हे काल्पनिक पात्र लोकांच्या तोंडी बसले. वॉन्डरोनने ताबडतोब जाहीर करून टाकले की ते पात्र म्हणजे मीच. मूळ कादंबरीकाराने साफ इन्कार केला, पण त्याचे ऐकतो कोण? न्यूयॉर्कचा माणूस बघता बघता मिनेसोटाचा झाला आणि एकही मोठी स्पर्धा न जिंकता अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध पूल खेळाडू बनला. त्याच देशात त्याच काळात विली मोस्कोनी नावाचा खरा खेळाडू होता. १९४१ ते १९५७ या काळात त्याने पंधरा वेळा जगज्जेतेपद मिळवले, १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एका प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ बॉल पॉकेटात घातले, आणि त्या गाजलेल्या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागारही तोच होता. १९७८ साली दोघांना टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे समोरासमोर उभे केले, तेव्हा मोस्कोनी जिंकला आणि फॅट्स अखंड बडबडत राहिला. १९९६ साली फॅट्स नॅशव्हिलमध्ये वारला, तर त्याच्या थडग्यावर मजकूर असा, की पृथ्वीवरचा प्रत्येक जीव मी हरवला आहे, सेंट पीटर, आता बॉल लावा. स्वर्गाच्या द्वारपालालाही त्याने मार्कर करून टाकले! मोस्कोनीचा त्याच्यावर आयुष्यभर राग होता, आणि रविवारपासून तो राग मला अगदी नातेवाइकाचा असावा तसा कळू लागला आहे.

मी नानांची परीक्षा घ्यायची म्हणून विचारले, “नाना, तुम्ही विल्सन जोन्स यांना खेळताना पाहिलं असेल?” पुण्यात जन्मलेल्या जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद जिंकले होते, कुठल्याही खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय.

“कोण जोन्स?” नाना म्हणाले. “बावाजीचा ड्रायव्हर?”

यावर मी काही बोललो नाही. नानांनी नवा खडू घेतला.

“ठाण्यात रुळांना लागून एक खोली होती, तिच्यात टेबल होतं. इंग्रजांनी १८५३ साली बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यापर्यंतच का आणली, त्याचा उलगडा मला तिथे झाला. माझा शेवटचा, डाव जिंकून देणारा काळा बॉल पॉकेटाच्या अगदी ओठावर येऊन थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर. समोरचा म्हणाला, आता माझी पाळी. मी म्हटलं, थांब, बॉल अजून थांबलेला नाही.”

“थांबला होता ना?”

“माणसाच्या नजरेला थांबला होता. मी घड्याळ पाहिलं. मग त्याला बोलण्यात गुंतवला, त्याच्या आईची चौकशी केली, मुलीच्या लग्नाचं विचारलं. तेवढ्यात कल्याण फास्ट आली. खोली हादरली, टेबल हादरलं आणि काळा टुपकन आत. रेल्वे वेळेवर धावायची हो तेव्हा.”

ही कथा मला आवडली, हे मी नाइलाजाने नमूद करतो. तिचे अडुसष्ट रुपये झाले.

दरम्यान माझे सातही बॉल संपले होते. नानांचे पाच शिल्लक होते आणि गेलेल्या दोनांपैकी एक माझ्याच फटक्याने गेला होता. काळा बॉल उजव्या कोपऱ्याजवळ होता. मी नियमाप्रमाणे पॉकेट जाहीर केले, नेम धरला आणि काळा बॉल स्वच्छपणे आत घातला. क्यू ठेवून मी हात पुढे केला.

“अरेरे,” नाना म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच दुःखी झाला होता. “तुमचा शेवटचा बॉल कुठे गेला होता?”

“या मधल्या पॉकेटात.”

“मग काळा समोरच्या मधल्या पॉकेटात जायला हवा होता. भलत्या पॉकेटात गेला की डाव जातो. इतका सुंदर खेळलात हो, आणि असं व्हावं!”

“असा नियम कुठेही नाही!”

“जगात नसेल. ठाण्यात आहे. का रे?”

“हां काका,” मार्कर वहीतून डोके वर न काढता म्हणाला. “इथे असंच असतं.”

अधिकृत नियमांत काळा बॉल कुठल्याही जाहीर केलेल्या पॉकेटात चालतो, हे मी तावातावाने सांगितले. त्या तळघराच्या भिंतींवर थुंकू नये, टेबलावर बसू नये, कापड फाटल्यास भरपाई घेतली जाईल आणि मौल्यवान वस्तूंना व्यवस्थापन जबाबदार नाही, अशा चार पाट्या आहेत. खेळ कोणत्या नियमाने खेळायचा, याची एकही नाही. तासाला २४० रुपये घेणाऱ्याने एक कागद छापून चिकटवायला काय हरकत आहे? तक्रारवही मागितली, तर ती मालकांकडे आहे असे उत्तर मिळाले आणि मालक कोण, याला उत्तरच मिळाले नाही. बिल सहाशे रुपये टेबलाचे झाले. शिवाय चार चहा होते, ज्यांतला एक मी प्यायलो होतो आणि एक नाना आमची ओळख होण्यापूर्वी प्यायले होते. हाच तो चहा, ज्याच्याकडे मी पुन्हा येणार होतो. वडापाव कोणी खाल्ले, ते मला माहीतच नाही.

नाना पिशवी उचलून जिन्याकडे गेल्यावर मी मार्करला हळूच विचारले, “हे मालकांच्या नात्यातले का?”

“रविवारी बसतात,” तो म्हणाला. “गर्दी असली की बसतात.”

याहून स्पष्ट कबुलीजबाब मला नको होता. गोष्टी सांगून मिनिटाला चार रुपये मिळवणारा माणूस ठाण्यात आहे आणि आयुष्यभर लेख लिहूनही मला तो दर कधी मिळालेला नाही.

चिन्मय खाली उतरला तेव्हा नाना जिन्यातच त्याच्याबरोबर सेल्फीसाठी उभे होते, छत्री खांद्यावर टेकवून. काल तो पुन्हा तिकडे गेला होता आणि आल्या आल्या त्याने बातमी दिली की नानांच्या पोतडीत नवी आठवण दाखल झाली आहे. घोडबंदर रोडचा एक बिल्डर होता. कॅरममध्ये राज्य विजेता. नानांनी छत्रीने खेळून त्याच्याकडून टॉवरमधल्या दोन पार्किंगच्या जागा जिंकल्या, पण गाडी नसल्यामुळे परत केल्या.

“मामा, शेवटी बिल्डर रडतो,” चिन्मय म्हणाला. “तो भाग नाना फार छान करून दाखवतात.”

बिल्डर आणि राज्य विजेता या दुरुस्त्यांना माझी हरकत नव्हती, रडण्याला होती. मी काही रडलो नव्हतो, मी नियमांविषयी बोलत होतो आणि तळघरात शेपूचा उग्र दर्प सुटला होता. हा खुलासा नानांपर्यंत पोहोचवावा असे मी चिन्मयला बजावले. त्याने तत्परतेने फोन लावला, पलीकडचे ऐकून घेतले आणि मोबाइलवर हात ठेवून मला निरोप दिला.

“नाना म्हणतात, साहेबांना सांग, स्वतः येऊन दुरुस्त करून जा. टेबल मोकळं आहे.”