वांदरांची गोष्ट पुरी होऊ दे

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद निघाला. मालवणच्या माझ्या मावसबहिणीने लिहिलं, की मुलाच्या शाळेने पालकसभेत सांगितलंय, घरीही इंग्रजीच बोला. आणि मालवणी तर नकोच, गावठी वळण लागलं की सुटत नाही. मी म्हटलं, असलं काही ऐकू नकोस. त्यावर उत्तर आलं, "ताई, तुझी लेक जर्मनीत शिकते. तुला तिथे बसून बोलायला काय जातं?" खाली चौघांचे अंगठे. मला ते फार लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी लेक हाम्बुर्गमध्ये जर्मन शिकते, कारण तिच्या भोवती जर्मनच आहे. बेकरीतली बाई, बसचा ड्रायव्हर, झोपाळ्यासाठी भांडणारी पोरं, सगळी जर्मन बोलतात. मालवणात इंग्रजी कोण बोलतं? बंदरावर मासळीचा लिलाव इंग्रजीत होतो? एसटीचा कंडक्टर, जत्रेतला खाजेवाला, शेजारची काकी? त्या चार वर्षांच्या पोराभोवतीचं सगळं जग मालवणीत चाललंय आणि घरात त्याला दटावतात, असं बोलू नको. या दोन गोष्टी एकच कशा?

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तो धावतच आला. "मावशे, आमच्या भाटात वांदर इले! आजीन धोंडो मारल्यान, मगे..." तेवढ्यात बहिणीने मागून सांगितलं, "मंकी. से मंकी." तो थांबला. "मंकी," म्हणाला आणि आईकडे बघत राहिला. पुढे काय झालं, वांदर पळाले की शहाळी टाकून गेले, ते मला अजून कळलेलं नाही. चार वर्षांचं पोर आपण होऊन गोष्ट सांगायला येतं, यापेक्षा मोठं त्या वयात काय असतं? रंगांची नावं पाठ म्हणून दाखवली की टाळ्या, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं की दुरुस्ती!

माझी लेक साडेचार वर्षांची असताना इथल्या रिवाजाप्रमाणे तिला शाळेत दाखवायला नेलं होतं. बाईंनी तिला चित्र दाखवून बोलतं केलं, मग आम्हाला विचारलं, घरी काय बोलता? मराठी, आणि माझ्या आईशी मालवणी. त्या म्हणाल्या, तेच बोला, भरपूर बोला, जर्मनचं आम्ही बघतो. आमच्याकडच्या पालकसभेत हे का सांगता येऊ नये? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा घरची भाषाच माध्यम असावी, असं लिहिलंय.

आणि लेकीचे बोल किती म्हणून सांगू! हाम्बुर्ग बंदरातल्या लांडुंग्सब्र्युकन धक्क्यावर आम्ही बोटीसाठी उभे होतो. एल्बे नदीला इथे साडेतीन मीटरच्या वर भरती-ओहोटी असते. पाणी उतरलं की तरंगता धक्का खाली जातो आणि त्यावर उतरणारा पूल तिरका होतो. ती एकदम ओरडली, "आई, सुकती इली, पूल वाकलो!" शेजारचा म्हातारा वळून बघायला लागला. आमच्या चार पिढ्या सुकतीला खडपावर कालवं काढायला गेल्या; माझ्या मुलीने हाम्बुर्गच्या धक्क्यावर पाणी ओळखलं. माझा ऊर भरून आला. झेपफेर्डशेन, म्हणजे लहान मुलांना पोहायला आलं की देतात तो समुद्रघोड्याचा बिल्ला, मिळाला तेव्हा केस ओलेच होते, तसाच आजीला फोन लावायला लावला: "आजी, माका पाण्यातलो घोडो गावलो!" पंचवीस मीटर पोहली, खांद्याएवढ्या पाण्यात बुडी मारून तळाची रिंग वर आणली. आई तिकडून विचारतेय, "खंयच्या पाण्यातलो गो?" आणि ही बिल्ला कॅमेऱ्याला चिकटवतेय. नोव्हेंबरात एकदा खिडकीशी बसून म्हणाली, "हंयचो पाऊस गप पडता." अगदी खरं. कौलांवर कोसळणारा पाऊस तिने फोनवरूनही ऐकलाय.

पहिलीच्या पहिल्या दिवशी तिच्या शूलट्यूटमध्ये, म्हणजे त्या दिवशी इथे मुलांना देतात त्या भेटींच्या मोठ्या कागदी शंकूत, रंगपेट्यांबरोबर आईने पाठवलेला खाजा होता. दसऱ्याला तिने पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तशीच फळ्यावर काढून आली. ही आमच्या घरची प्रगतिपुस्तकं.

आता गावच्या वादाकडे येते. हेच अंगठेवाले २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध स्टेटस ठेवत होते. २९ जूनला सरकारने त्या हिंदीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. मग घरातल्या पोराच्या तोंडची मराठी कुणी काढून घ्यायची? मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला मुंबईच्या रंगमंचावर मान मिळवून दिला, त्याचा आपल्याला अभिमान. हॉटेलच्या पाटीवर मालवणी, पर्यटकांपुढे मालवणी, आणि स्वतःचं मूल बोललं की गावठी! त्याच वर्षी कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्यात पहिला. वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत धुळाक्षरं गिरवलेली कितीतरी मुलं त्यात असतात. मीही तशाच शाळेतली. इंग्रजी मी पाचवीपासून शिकले आणि आज त्याच इंग्रजीवर इथे नोकरी करते.

पण मला एवढा राग का येतो, हेही सांगायला हवं. माझ्या मुलीची मालवणी दोन माणसांवर उभी आहे, मी आणि फोनमधली माझी आई. आई सत्तरी ओलांडून गेली. तिच्यानंतर ही कोणाशी बोलणार? बहिणीच्या मुलाला अख्खी वाडी फुकट बोलायला शिकवते आणि बहीण दार लावून घेते. मला तिचा हेवा वाटतो.

शाळा सुरू झाल्यापासून मे महिना आम्हाला मिळत नाही, आंबेही नाहीत. सोमरफेरियन, म्हणजे इथली उन्हाळ्याची सुट्टी, लागते तेव्हा गावात धो धो पाऊस. गेल्या जुलैत लेक वाडीतल्या पोरांत खेळायला गेली. ती मालवणीत बोलायची आणि पोरं हिंदी कार्टूनमधल्या वाक्यांत उत्तरं द्यायची. रात्री अंथरुणात म्हणाली, "आई, हंयसर कोणच आजीसारखा बोलना नाय." हाम्बुर्गमध्ये कुणी विचारलं की मी मालवणची म्हणून सांगते. त्या रात्री मला तेही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

यंदाही जुलैत येतोय. बहिणीला वेगळा मेसेज टाकून विचारलंय, मुलाला आठवडाभर आईकडे पाठवशील का? माझी लेक त्याला हवं तेवढं इंग्रजी शिकवेल, तिला आता येतं. बाकी दिवसभर दोघं आजीच्या मागे भाटात फिरू देत. निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.