‘शोषलंच जात नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

स्पष्टवक्ता (टोपणनाव तुम्हीच घेतलंय, म्हणून त्याच नावाने हाक मारतो),

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोंबडीच्या खाद्यातल्या फ्लेव्होनॉइडवरचा, म्हणजे वनस्पतींतल्या एका प्रकारच्या नैसर्गिक द्रव्यांवरचा, माझा लेख तुम्हाला ‘विक्रेत्याचं पत्रक’ वाटला. ही द्रव्यं रक्तात शोषलीच जात नाहीत, मग प्रतिकारशक्ती कशी वाढवणार, असा तुमचा सवाल. प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, मी मात्रा सांगितली नाही, आणि शेवटी: ‘लेखकाने कधी कोंबडी हातात तरी धरली आहे का?’

धरली आहे. बावीस वर्षं धरतोय. खाद्यातून वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविकं बंद केल्यावरची पहिली बॅच मी विसरलेलो नाही. अठराव्या दिवशी लिटर (शेडमधलं तुसाचं अंथरूण) ओलं, विष्ठेत न पचलेले दाणे, आणि पुढच्या आठवड्यात मरतुक. मेलेली पिल्लं मी स्वतः कापून पाहिली. आतडं फुगलेलं, भिंत पातळ, आतून खरखरीत टॉवेलसारखं. पुस्तकातही टॉवेलचीच उपमा देतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचं काम. पुढच्या तीन बॅचना संत्र्याच्या सालीचा अर्क दिला आणि लिटर कोरडं राहिलं. त्याच सुमारास मी तूसही बदललं होतं, पाण्याच्या निपलही बदलल्या होत्या, हे तुम्ही काढण्याआधी मीच सांगून टाकतो. पण शेडमध्ये उभं राहणाऱ्याला कळतं काय ते.

एक चूक मात्र कबूल. हेस्पेरिडिन हे फ्लेव्होनॉइड ‘संत्र्याच्या रसातून’ काढतात असं मी लिहिलं होतं. ते सालीतून काढतात. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

आता शोषणाचं. तुमचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त त्रासदायक. रुटिन, हेस्पेरिडिन अशा फ्लेव्होनॉइडांच्या रेणूला साखर जोडलेली असते, त्यामुळे लहान आतड्यात त्यांतलं फारच थोडं शोषलं जातं. उरलेलं पुढे सरकतं. सिकममध्ये (लहान आतड्याच्या शेवटी असलेल्या आंधळ्या पिशव्यांत) पोचलं की तिथले जिवाणू आधी साखर तोडतात, मग रेणूची कडीच फोडतात, आणि त्यातून लहान फिनॉलिक आम्लं तयार होतात. ती शोषली जातात. रक्तात मूळ द्रव्य शोधत बसलात तर हाती काही लागणार नाहीच. दूध प्यायलेल्या माणसाच्या रक्तात दूध शोधण्यासारखं आहे ते.

आणि समजा, काहीच शोषलं गेलं नाही. तरी काय बिघडलं? कोंबडीची प्रतिकारशक्ती राहते कुठे, याचा विचार केलात का? आपल्यासारख्या लसिका गाठी तिला नसतात. तिच्या प्रतिकारपेशींचा मोठा फौजफाटा आतड्याच्या भिंतीतच बसलेला असतो. सिकमच्या तोंडाशी टॉन्सिल असतात, शेवटी विष्ठाद्वाराजवळ बर्सा नावाची, प्रतिकारपेशी घडवणारी पिशवी. संशोधक ब्रूस ग्लिक यांनी लहानपणीच बर्सा काढून टाकलेल्या काही कोंबड्या त्यांचे सहकारी टिमोथी चँग यांनी वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी वापरल्या. साल्मोनेला टोचूनही त्यांतल्या बहुतेकींत प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. 1956 साली ते प्रसिद्ध झालं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या ‘बी पेशी’मधला ‘बी’ त्याच बर्साचा. प्रतिकारशास्त्राचा एवढा मोठा धडा कोंबडीच्या आतड्याच्या टोकाशी सापडला, आणि तुम्ही मला म्हणता रक्तात दाखवा!

या द्रव्यांचं काम आतड्याच्या भिंतीवरच होतं. भिंतीतल्या पेशी एकमेकींना क्लॉडिन, ऑक्लुडिन अशा प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात. दाह वाढला की टाके सैल होतात, आतडं गळू लागतं. दाहाची घंटा वाजवणाऱ्या एनएफ-कॅपा-बी या यंत्रणेला क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइडं आवर घालतात. दाह कमी असला की अन्न शोषणारे रसांकुर उंच राहतात, त्यांच्या बुडाच्या, नव्या पेशी बनवणाऱ्या खळग्या उथळ राहतात, आणि खाल्लेलं दुरुस्तीत न जाता अंगाला लागतं. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात हेच लिहिलं होतं. तिथवर पोचला असतात तर बरं झालं असतं.

निकाल जुळत नाहीत म्हणता. शेड वेगळी, खाद्य वेगळं, अर्क वेगळा, मग निकाल वेगळेच येणार. त्यात नवीन काय? निरोगी पिल्लांत आणि स्वच्छ शेडमध्ये फरक कमी दिसतो, हेही मला ठाऊक आहे. त्यावर आत्ता बोलत नाही.

मात्रा मुद्दामच दिली नव्हती. प्रत्येक अर्कात मूळ द्रव्य किती आहे ते पाहिल्याशिवाय ग्रॅमचा आकडा सांगणं म्हणजे थाप. शिवाय जास्त टाकलं की फायदा जास्त, असंही नाही. अशा अर्कांत असणारं टॅनिन हे तुरट द्रव्य वाढलं की प्रथिनं बांधली जातात आणि वाढ खुंटते. आकडा दिला असता तर तोच धरून तुम्ही दुसरी प्रतिक्रिया लिहिली असती.

‘विक्रेत्याचं पत्रक’ या शब्दांबद्दल एवढंच: या विषयावर लिहायला मला आजवर कुणी एक छदामही दिलेला नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. लेखाखाली ती त्या शब्दांसकट तशीच आहे.