फोटोत बायका नाहीत, करारात आहेत

उत्तर आयर्लंडमधला कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांमधला हिंसाचार थांबवण्यासाठी झालेल्या 10 एप्रिल 1998 च्या बेलफास्ट करारावर ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि आयर्लंडचे पंतप्रधान बर्टी अहर्न सह्या करतानाचा फोटो पुन्हा फिरतोय. खाली मजकूर असा: ‘उत्तर आयर्लंडची शांतता पुरुषांनी आणली. बायकांचा पक्ष 1 टक्का मतांवर मागच्या दाराने घुसला आणि नुसता बसून राहिला.’ हे वाचून राग येतो, कारण यातलं फक्त मतांचं प्रमाण खरं आहे.

आधी ‘मागचं दार’. वाटाघाटींत कोणते पक्ष बसणार हे ठरवणारी निवडणूक 30 मे 1996 ला झाली, तिच्यातून ‘फोरम’ नावाचं सभागृहही निवडलं गेलं. तिचा नियमच असा होता की पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जादा जागा मिळतील. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांची विमेन्स कोॲलिशन, म्हणजे तोच ‘बायकांचा पक्ष’, जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी उभी राहिली होती, ती नववी आली. सशस्त्र लॉयलिस्ट (ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या प्रोटेस्टंट) गटांशी जोडलेले दोन पक्षही मतदारसंघात एकही जागा न जिंकता याच नियमाने आत आले. त्यांना कुणी घुसखोर म्हणत नाही.

आता ‘नुसता बसून राहिला’. मॅकविल्यम्स कॅथलिक, प्राध्यापक. सेगर प्रोटेस्टंट, समाजसेविका. बैठकीला दोन्ही समाजांतली बाई हजर हवी, असा त्यांच्या पक्षाचा शिरस्ता होता. त्या निवडून आलेल्या फोरमच्या सभागृहात त्या बोलायला उठल्या की काही पुरुष सदस्य गायीसारखे हंबरायचे. त्यांनी ‘आठवड्याचा अपमान’ म्हणून फलकच लावला आणि बोलणाऱ्याच्या नावासकट शेरे त्यावर डकवले. हे सोसत त्यांनी जे मागितलं, ते करारात छापलेलं आहे: हिंसाचाराच्या बळींची दखल, दोन्ही समाजांच्या मुलांसाठी एकत्र शाळा, मिश्र वस्त्या, सिव्हिक फोरम (सामाजिक संस्था-संघटनांचं सल्लागार मंडळ), राजकारणात स्त्रियांचा पूर्ण आणि समान सहभाग. बाकीचे पक्ष सत्तावाटप, शस्त्रं आणि कैद्यांवर अडून बसले असताना मेलेल्यांच्या घरच्यांचा विषय यांनी लावून धरला.

आणि ‘पुरुषांनी आणली’? जानेवारी 1998 मध्ये मेझ तुरुंगातल्या लॉयलिस्ट कैद्यांनी वाटाघाटींचा पाठिंबा काढून घेतला. तेव्हा ब्रिटिश मंत्री मो मोलम स्वतः तुरुंगात जाऊन त्यांच्यासमोर बसल्या. टीका झाली, पण कैद्यांनी त्याच दिवशी निर्णय फिरवला. डब्लिनच्या, म्हणजे आयर्लंडच्या सरकारच्या बाजूने मंत्री लिझ ओ’डोनेल वाटाघाटींत होत्या.

बायका मुळातच मवाळ, म्हणून तडजोड झाली, असं समर्थनही मला पटत नाही. 1981 मध्ये उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात ब्रिटनविरोधी गटांच्या कैद्यांनी केलेल्या उपोषणात दहा जण मेले तरी तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर हलल्या नाहीत. 1985 मध्ये हिल्सबरोला ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातल्या अँग्लो-आयरिश करारावर सही त्यांनीच केली. स्वभावाचा प्रश्न नाही. कुणाचं दुःख मसुद्यात शिरतं, हे टेबलाशी कोण बसलंय यावर ठरतं.

सिव्हिक फोरम 2000 साली भरला आणि 2002 मध्ये उत्तर आयर्लंडचं सरकार निलंबित झाल्यावर बंद पडला, तो पुन्हा उघडलाच नाही. विमेन्स कोॲलिशन 2006 मध्ये विसर्जित झाली. एकत्र शाळांचं कलम मात्र करारात तसंच आहे, आणि तिथली बहुतेक मुलं आजही वेगवेगळ्या शाळांत जातात.