क्लिक ऐकू येईपर्यंत दाबा

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

सकाळी जुन्या कारखान्यातल्या एका मेंटेनन्सवाल्याचा फोन आला. वय ५८. आता अमेरिकेतल्या ज्या कारखान्यात आहे तिथेही ६० दिवसांची नोटीस लागलीय, उत्पादनाची लाइन मेक्सिकोला चाललीय. दुसऱ्यांदा. आमच्याबरोबर काम केलेल्या एका बाईची आठवण काढून त्याने एकच विचारलं, "तिने भरले होते ना, ते कागद कुठे मिळतात?" ते कागद म्हणजे परदेशी व्यापारापायी नोकरी गेलेल्यांसाठीच्या सरकारी मदतीचे अर्ज. मला सांगावं लागलं की १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांवर निर्णयच होत नाहीत. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पण माझी लाइन तर आत्ता चाललीय."

फोन ठेवतोय तोच आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर एक महाशय उगवले: 'लोकांनी वेळेवर अपस्किल व्हायला नको का?' खाली अंगठे अकरा. त्यातले निम्मे माझ्यासारखेच याच धंद्यात मोठे झालेले.

म्हणून 'ती'ची गोष्ट सांगतो. २०१५. ओहायोतला आमचा कारखाना वायर हार्नेस, म्हणजे तारांचे बांधलेले जुडगे, बनवायचा. मी मॅन्युफॅक्चरिंग इंजिनियर, लाइन हलवायची तयारी माझ्या गळ्यात. ती २४ वर्षं एकाच बोर्डावर. मी स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभा, मोबाइलवर तिच्या हातांचं शूटिंग करतोय. उजव्या अंगठ्याला पांढरी चिकटपट्टी, कडेने काळी पडलेली. तारेच्या टोकाची धातूची पिन (टर्मिनल) कनेक्टरमध्ये सारताना ती मान कलती करायची. मला वाटलं, नीट दिसत नसेल. विचारलं तर हसली. म्हणाली, "बघत नाही रे, ऐकतेय. क्लिक."

मी लिहून घेतलं. 'क्लिक ऐकू येईपर्यंत दाबा, मग हलकेच मागे ओढून पाहा.' त्या कागदाचं स्पॅनिश झालं आणि तो सीमेपलीकडे गेला. चोवीस वर्षांचं कसब मी दीड पानात बसवून दिलं, आणि पुढची नोकरी मला त्याच प्रोजेक्टच्या जोरावर मिळाली. आता बोला, कोण कोणाला अपस्किल शिकवणार?

सकाळी फोनवर विचारलेले ते कागद म्हणजे ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स या योजनेचे अर्ज. ही योजना १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या व्यापार कायद्यात आली, १९७४ मध्ये तिचा विस्तार झाला. हिशेब सरळ होता: व्यापार खुला केला की सगळ्या देशाला माल स्वस्त मिळणार, पण त्याची किंमत काही मोजक्या लोकांच्या नोकऱ्यांनी चुकती होणार. मग त्यांना सावरायचा खर्च सगळ्यांनी उचलावा. कामगार संघटनांनी पुढे याला अंत्यविधीचा विमा म्हणून हिणवलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण विमा तर होता!

आमच्याकडे तिघींनी मिळून अर्ज केला. नोकरी परदेशी व्यापारापायी गेली असा शिक्का श्रम खात्याने मारला की पुढचं सुरू. कोर्सची फी सरकार भरणार. बेकारी भत्ता संपला तरी शिकत असेपर्यंत पैसे येत राहणार, सगळं धरून १३० आठवड्यांपर्यंत. ज्याला पन्नाशीनंतर शिकायचं नाही त्याने कमी पगाराची नोकरी धरावी, जुन्या-नव्या पगारातला निम्मा फरक सरकार देईल, दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलर.

तिने शिकायचं ठरवलं. ५२ व्या वर्षी. रेस्पिरेटरी थेरपिस्टचा (श्वासाच्या त्रासावर उपचार करणाऱ्याचा) कोर्स, तोही आधी बीजगणित पास झाल्यावर. त्या बीजगणितासाठी ती मला रविवारी फोन करायची. एकदा रडली. मी एक्स शिकवत होतो आणि मनात म्हणत होतो, हिला इथवर आणणारा तो दीड पानांचा कागद माझाच.

हो, मान्य. सगळ्यांचं भलं झालं नाही. त्या तिघींतल्या एकीने दुसऱ्याच सत्रात कोर्स सोडला आणि गोदामात लागली. अर्जांच्या भानगडीत महिने जायचे. आणि रोबोटमुळे नोकरी गेली तर मदत नाही, मेक्सिकोमुळे गेली तर मदत, हा काय न्याय, असं विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग मदत सगळ्यांना द्या ना! होती तीच बंद करणं हे कसलं उत्तर? सर्वसाधारण बेकारांसाठी दुसरी योजना आहे म्हणे. आहे, पण अडीच वर्षं शिकताना घर कशावर चालवायचं, ते तिथे कोणी सांगत नाही.

आणि बंद तरी कशी केली? बंद करायला मतदानसुद्धा झालं नाही. मुदत संपली, संसदेने वाढवली नाही, झालं. दोन्ही पक्ष निवडणुकीत हेल्मेट घालून कारखान्यात फोटो काढतात.

२०२० च्या एप्रिलमध्ये ती व्हेंटिलेटरवर ड्यूटी करत होती. रात्री एकदा तिचा मेसेज आला: "नळी बसली की मी अजून कान देते." मी उत्तर दिलं नाही. काय देणार होतो?

ग्रुपवर सकाळी मी फार वाईट शब्दांत लिहिलं, नंतर पुसलं. तो मित्र माणूस वाईट नाही, हे मलाही माहीत आहे. पण त्याने कधी कोणाच्या हातांचं शूटिंग केलेलं नाही.

उद्या संध्याकाळी त्या मेंटेनन्सवाल्याकडे जातोय, त्याचा रेझ्युमे बनवायला. एकतीस वर्षांत त्याला कधी लागला नव्हता. मघाशीच त्याने फोटो पाठवला, कुठूनसा छापून आणलेला फॉर्म. नाव, पत्ता, फोन, सगळं पेनने मोठ्या अक्षरांत भरलंय. 'स्किल्स'समोर लिहिलंय, "हे तू भर."